चित्रांची वळणी

मे महिना लागला, निकाल हातात पडले की बारामतीत काय नि इंदापुरात काय, घरोघरी कपाटं रिकामी होतात. वह्यांचा गठ्ठा रद्दीला निघतो, पुस्तकं धाकट्या चुलतभावाकडे जातात, आखूड झालेला गणवेश बोहारणीच्या वाटेला लागतो. हे सगळं झपाट्याने उरकतं. हात अडखळतो तो तळाशी ठेवलेल्या ड्रॉइंगच्या कागदांपाशी. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघून थेट घराच्या दारापर्यंत आलेली नदी. उसाने भरलेली ट्रॉली, ट्रॅक्टरपेक्षा चौपट मोठी. आणि एका कागदावर जांभळ्या खडूचे नुसतेच गोल गोल फेरे, इतका जोर लावून काढलेले की कागद मागच्या बाजूने फुगला आहे. आई तो कागद रद्दीवर ठेवते, पुन्हा उचलते आणि परत कपाटात सरकवते.

तिच्यापुढे त्या क्षणी उभा असतो तो धर्माचाच प्रश्न. कुणीतरी जीव ओतून केलेली वस्तू टाकून द्यावी का? आणि द्यायची झालीच, तर कशी?

मराठी घराला हा प्रश्न नवा नाही. त्याचं उत्तर त्याच घरात, चार पावलांवर, देवघरात ठेवलेलं असतं. देव्हाऱ्यात खंडोबाचा, भवानीचा चांदीचा टाक असतो. तो आजेसासूकडून सासूकडे, सासूकडून सुनेकडे आलेला. चेहरा झिजून गुळगुळीत झाला तरी तो टाक हलत नाही. त्याच घरात भाद्रपदात मातीचा गणपती येतो, दीड दिवस, पाच दिवस किंवा दहा दिवस राहतो आणि पाण्यात जातो. हरतालिकेला वाळूचं शिवलिंग करतात आणि दुसऱ्या दिवशी विसर्जित करतात. श्रद्धेत कमी-जास्त कुणी धरत नाही. टाकापुढे जसे हात जोडले जातात तसेच मातीपुढेही. काही राखायचं असतं, काही सोडायचं असतं, आणि दोन्हीची रीत असते, हे ज्या घराला इतकं पक्कं ठाऊक आहे तेच घर मुलाच्या चित्रांपाशी मात्र गोंधळतं. एक तर सगळं साठवतं, नाहीतर सगळं फेकतं.

इंदापूर तालुक्याच्या थेट आग्नेय टोकाला, नीरा जिथे भीमेला मिळते तिथे, नीरा नरसिंहपूर आहे. अनेक घराण्यांचं ते कुलदैवत. पेशवाईत सरदार विंचूरकरांनी बांधलेलं देऊळ संगमावर उंच उभं आहे. इथली परंपरा सांगते की नृसिंहाची मूळ मूर्ती वालुकेची आहे आणि ती घडवली बाल प्रल्हादाने. ही कथा आपण फार लवकर ओलांडून पुढे जातो. खांब फाटतो, हिरण्यकशिपूचं पोट फाटतं, आणि लक्ष तिथेच खिळून राहतं. पण नरसिंहपूरच्या कथेत एक लहान मूल नदीकाठी बसलं आहे आणि ओल्या वाळूने देव करतं आहे, एवढंच चित्र आहे. कुणी त्याला नमुना दिलेला नाही. त्याच्या घरात तर हा देव करायला सक्त मनाई आहे. तरी ते मूल करतं, आणि मोठी माणसं त्या मुलाच्या हातच्या कामापुढे पिढ्यानपिढ्या डोकं टेकतात.

त्याच तालुक्यात, त्याच भीमेवर, वरच्या अंगाला पळसदेव आहे. तिथलं पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ उजनीच्या पोटात असतं. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि काठची गावं उठून वर गेली. एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की आधी शिखर दिसतं, मग खांब, मग गाळाने भरलेलं अंगण. लोक होडीतून, चिखलातून बघायला जातात. पाऊस झाला की ते पुन्हा पाण्याखाली. ज्यांनी तो दगड रचला त्यांनी तो कायमचा म्हणूनच रचला असणार. एकीकडे वाळूची मूर्ती श्रद्धेने टिकलेली आणि दुसरीकडे दगडाचं देऊळ पाण्यात गेलेलं, ही दोन ठिकाणं एका दिवसात बघून होतात. वस्तू किती टिकते हे तिच्या मालावर ठरत नाही, तिच्याशी माणसं काय करतात यावर ठरतं, हे इथल्या माणसाला पुस्तक न उघडता कळण्यासारखं आहे.

म्हणून घरात मुलांच्या चित्रांसाठी बदलती जागा करणं ही नुसती सजावट नव्हे. ते एक छोटं अनुष्ठान आहे, आणि ते सांगोपांग करावं.

साधन अगदी साधं. जुन्या घरांत कपडे टाकायला दोरी बांधलेली असायची, तिला वळणी म्हणतात. तशीच एक वळणी चित्रांसाठी बांधायची. सुतळी किंवा काथ्याची दोरी, दोन्ही टोकांना खिळे आणि मध्ये एक खिळा, कारण आठ फुटांची दोरी नुसत्या दोन टोकांवर बांधली तर पोटात झोळ येतो आणि सगळी चित्रं मध्याकडे घसरतात. त्यावर कपड्यांचे लाकडी चिमटे. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. दोन कागदांत चार बोटं अंतर सोडलं की आठ फुटांत नऊ चित्रं नीट बसतात. दहावं दाटीवाटीने बसवू नये. चिकटपट्टीने भिंतीवर चित्र लावणं टाळलेलं बरं. काढताना ती रंगाचा पोपडा घेऊन निघते, मग मोठ्यांची कुरकुर सुरू होते आणि ती कुरकुर मुलाला आपल्या चित्राबद्दलची वाटते. वळणीवर थेट ऊन येऊ देऊ नये. स्केचपेनचे रंग उन्हात फार लवकर फिकट होतात, मेणाचे खडू त्या मानाने तग धरतात.

जुन्या वाड्यांत याहून सुंदर सोय होती, ती म्हणजे कोनाडा. जाड भिंतीत ठेवलेल्या त्या चौकोनी पोकळीत संध्याकाळी दिवा असायचा, दिवसा बाहुली, संक्रांतीला सुगडं. ज्यांच्या घरात अजून कोनाडा शाबूत आहे त्यांनी त्यात पुठ्ठ्याची चौकट उभी करावी, मागून उघडणारी, म्हणजे चित्र आत सरकवता येतं आणि काढता येतं. कोनाड्याची शिकवण हीच की जागा कायमची असते, पाहुणा बदलतो.

वळणी किती उंचीवर असावी? मुलाच्या डोळ्यांच्या. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी जमिनीपासून साधारण साडेतीन फूट. घरातली मोठी माणसं म्हणतात, इतक्या खाली कोण बघणार? पण देव्हाऱ्यापुढे आपण बसतोच ना. दर्शन घ्यायचं तर वाकावं लागतं, ही इथल्या भक्तीची पहिली अट आहे. आजोबांनी गुडघ्यावर हात ठेवून, हळूच खाली बसून नातीचं चित्र पाहिलं, तर त्या नातीला आपल्या कामाबद्दल जे कळतं ते दहा वेळा 'छान छान' म्हटल्याने कळत नाही.

आता खरा अवघड भाग. चित्र लावणं सोपं असतं, उतरवणं कठीण.

गणपतीचं विसर्जन नीट आठवून पाहावं. आधी प्राणप्रतिष्ठा केलेली असते. निघण्यापूर्वी उत्तरपूजा होते, आरती होते, हातावर दही देतात, वाटेत खायला शिदोरी देतात आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. तेवढ्या हलवण्याने मूर्तीतला देव परत निघाला असं मानतात. मग घरातली सगळी मिळून, मुलांना पुढे घालून, कऱ्हेला किंवा कालव्याला किंवा अलीकडे हौदावर जातात. येताना पाट रिकामा आणत नाहीत. काठावरची चिमूटभर वाळू, माती त्यावर ठेवून घरी आणतात, कारण गेलेल्याची जागा एकदम उघडी पडू द्यायची नसते.

या सगळ्यात कुठेही लपवाछपवी नाही. चित्रांच्या बाबतीत मात्र बहुतेक घरांत काय होतं? मूल झोपल्यावर चित्रं रद्दीत जातात. सकाळी त्याने विचारलं तर 'इथेच असेल कुठेतरी' असं उत्तर मिळतं. आणि एखाद्या दिवशी त्याच चित्राच्या मागच्या बाजूला किराण्याची यादी लिहिलेली त्याला सापडते. याला विसर्जन म्हणता येणार नाही. विसर्जनात निरोप असतो, आणि ज्याने आवाहन केलं त्यानेच निरोप द्यायचा असतो. मुलाच्या वस्तूवर मोठ्यांनी परस्पर केलेला त्याग हा त्याग होत नाही. दुसऱ्याच्या मालकीचं सोडून देण्यात वैराग्य कसलं आलं?

म्हणून चित्र उतरवायचं तर मुलाला हाताशी घेऊन. महिन्यातला एखादा रविवार त्यासाठी ठरवावा. 'यातलं कुठलं आता खाली उतरवायचं?' एवढाच प्रश्न. पहिल्यांदा उत्तर येतं, 'एकपण नाही.' ते मानून घ्यावं. पुढच्या खेपेला नवीन चित्र हातात असतं, चिमटे मात्र नऊच असतात, आणि मूल स्वतःच दोरीकडे बघत विचारात पडतं. मग ते एक चित्र उतरवतं. बहुतेक वेळा आई-बाबांना सगळ्यात आवडलेलंच. तिथे मोठ्यांची परीक्षा होते. उतरलेली जागाही, गणपतीच्या पाटासारखीच, रिकामी ठेवू नये. नवीन चित्र तयार नसेल तर चिमट्याला एखादं पान, मोराचं पीस, भिगवणच्या पाणथळीवरून आणलेलं एखादं गळालेलं पीस लावावं.

किती ठेवायचं, याचं उत्तर शोधताना जैन विचाराकडे वळावंसं वाटतं. बारामतीच्या बाजारपेठेत जैन व्यापारी घराणी जुनी आहेत, आणि इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर तर वालचंद हिराचंद या सोलापूरच्या जैन उद्योजकाच्या नावानेच वसलं. अपरिग्रह, म्हणजे संचय न करण्याचं जैन व्रत, म्हटलं की सर्वस्व सोडलेला मुनी डोळ्यांसमोर येतो. गृहस्थासाठी मात्र हे व्रत वेगळं सांगितलं आहे. त्याचं नाव परिग्रह-परिमाण. गृहस्थाने आपल्याजवळ किती ठेवायचं याचं माप स्वतः ठरवावं आणि त्याच्या आत राहावं. संसारी माणसाला यात किती समजून घेतलं आहे! नऊ चिमट्यांची वळणी म्हणजे घरातल्या सर्वांत लहान माणसाने घेतलेलं परिग्रह-परिमाण. त्याच्या जोडीला एक पत्र्याची ट्रंक किंवा चपट्या खोक्याची पेटी, टाकाच्या जागी. वर्षाकाठी पाच-सहा चित्रं तिच्यात जावीत, तीही मुलाने निवडलेली. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने तारीख लिहावी आणि चित्र काढताना मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहावं. जांभळ्या फेऱ्यांच्या मागे 'पाऊस आत आला' असं लिहिलेलं असेल तर वीस वर्षांनी तो कागद बोलेल. नाहीतर तो नुसता जांभळा राहील.

एक अपवाद आहे आणि तो स्पष्ट बोलायला हवा. ज्या घरातलं मूल गेलं, त्या घराला माप सांगू नये. तिथला प्रत्येक कागद टाकच आहे.

बाकीच्यांनी लॅमिनेशनचा मोह मात्र आवरावा. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीचं जे होतं तेच प्लास्टिकमध्ये बंद केलेल्या चित्राचं होतं. ते जात नाही. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळून पुन्हा माती होते, प्लास्टरची तळाशी पडून राहते आणि दुसऱ्या दिवशी काठावर तुटलेले हात दिसतात. उतरवलेल्या साध्या कागदाला कितीतरी वाटा असतात. आत्याच्या राखीच्या पाकिटात घालून पाठवावा, मामाच्या भेटवस्तूवर गुंडाळावा, वहीला कव्हर घालावं. हारातलं फूल निर्माल्य झालं तरी ते केरात टाकत नाहीत, कुंडीत किंवा झाडाच्या बुंध्याशी टाकतात, तीच दृष्टी.

कुणाचं चित्र लावावं आणि कुठलं, यावर बारामतीच्या सर्वांत थोर रहिवाशाची साक्ष काढता येईल. मोरोपंत १७२९ साली पन्हाळ्याला जन्मले, तरुणपणी बारामतीला आले आणि १७९४ मध्ये इथेच वारले. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने त्यांचं आयुष्य कऱ्हेकाठी गेलं. त्यांनी रामायण एकदा लिहून हात धुतले नाहीत. एकशे आठ रामायणं त्यांच्या नावावर सांगतात. एकात ओठांनी उच्चारायचं अक्षरच येऊ द्यायचं नाही, ते निरोष्ठ रामायण. एक परंतु रामायण, एक मंत्ररामायण. कथा तीच, राम तोच, वनवास तोच. रोज तेच दोन डोंगर आणि तोच सूर्य काढणाऱ्या मुलाला 'आज काहीतरी वेगळं काढ ना' म्हणणाऱ्या पालकांनी पंतांची आठवण ठेवावी. पुन्हा पुन्हा तेच करणं हे जपासारखं असतं. मण्यामण्याला नाम बदलत नाही, नाम घेणारा बदलत जातो. एकाच वळणीवर एका मुलाचे सहा सूर्य शेजारी शेजारी लावून पाहावेत. पहिल्याचे किरण काड्यांसारखे ताठ असतात, तिसऱ्याला डोळे फुटलेले असतात, सहावा डोंगराआड अर्धा लपलेला असतो. हे वाढणं एकेका चित्रात दिसत नाही, ओळीत दिसतं.

बक्षीस मिळालेलं चित्र तेवढं लावायचं, ही खोड वाईट. शाळेतल्या स्पर्धा, पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा, यांना त्यांची जागा आहे. घराची भिंत ही परीक्षकाची जागा नाही. देव्हाऱ्यातले देव सुबक आहेत म्हणून तिथे बसलेले नसतात. शेंदूर फासलेला दगडही त्यात असतो.

पण या सगळ्या विचाराला एक जागी ठेच लागते, आणि ती लागलीच पाहिजे. दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, इंदापूरच्या कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांचे तांडे उतरतात. बीडकडून, नगरकडून आलेली कुटुंबं. पाचट, बांबू आणि प्लास्टिकचा कागद यांच्या कोप्या उभ्या राहतात. पुढचे चार-पाच महिने तेच घर. त्या कोपीला खिळा ठोकायला भिंत नसते. पहाटे अंधारात आई-बाप फडात जातात, आणि मागे राहिलेलं मूल धाकट्याला सांभाळत काडीने मातीत रेघा ओढतं. त्याचं चित्र संध्याकाळपर्यंत बैलगाडीच्या चाकाखाली गेलेलं असतं. अशा मुलाला अनित्यता शिकवायला कुणी जाऊ नये. सोडण्याचं व्रत ज्याच्यापाशी काही आहे त्याच्यासाठी असतं. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला आधी राखण्याचा हक्क मिळाला पाहिजे. कोपीतसुद्धा कपड्यांची एक दोरी असतेच. साखरशाळेतल्या किंवा जवळच्या जिल्हा परिषद शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेने चार कागद, खडूंची एक पेटी आणि चार चिमटे दिले, तर त्या दोरीवर चित्र लागू शकतं. हंगाम संपल्यावर कोपी मोडते, बांबू गाडीवर चढतात, तेव्हा चित्राची गुंडाळी भांड्यांच्या गोणीत नीट गेली पाहिजे. बारामतीच्या फ्लॅटमधल्या मुलाने सोडायला शिकणं आणि फडातल्या मुलाला जपायला मिळणं, या दोन्ही गोष्टींत एकच आदर आहे. आपल्या हातून जे झालं त्याचं काय करायचं हे आपण ठरवायचं.

आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून इंदापूरकडे निघते. काटेवाडीला परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे बेलवडीला गोल रिंगण, मग निमगाव केतकी, मग इंदापूर. वाटेवरच्या गावांत बायका-मुली रस्त्यावर रांगोळ्या काढतात. विठोबा, वीणा, पादुका, तुळस, कुठे नुसतेच ठिपके. घाम गाळून काढलेली ती रांगोळी दिंड्यांच्या पायांखाली जाते. काढणारी मुलगी कडेला उभी असते. पाय पडू नयेत असं तिला वाटत नाही, ते पडावेत म्हणूनच तिने ती रस्त्यावर काढली. तिबेटी भिक्षू दिवसचे दिवस खपून रंगीत वाळूचं मंडल रचतात आणि मग झाडून पाण्यात सोडतात, त्याचं जगभर नवल होतं. सणसर-बेलवडीच्या मुली ते दर आषाढात करतात.

नरसिंहपूरच्या संगमावर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाळू उघडी पडते. दर्शनाला आलेल्या घरातली मोठी माणसं घाटावर टेकतात आणि पोरं खाली उतरतात. एक पोर उजवा पाय ओल्या वाळूत रोवतं, वरून वाळू थापटतं, दोन्ही तळव्यांनी दाबून घट्ट करतं आणि श्वास रोखून पाय हळूच मागे ओढून घेतं. खोपा उभा राहतो. मग त्यावर काडीचा कळस, शिंपल्यांची भिंत, दारासमोर बोटाने ओढलेली वाट. आजी वरून हाक मारते, 'चल रे बाळा, गाडी निघाली.' पोर उठतं, खोप्याभोवती एक चक्कर मारतं, तो सगळीकडून बघून घेतं. मग स्वतःच त्यावर पाय देतं आणि घाटाच्या पायऱ्या चढायला लागतं.